एसटीपीचा गाळ फुकट मिळतोय, खत करून विकू का? आधी थर्मामीटर घ्या



कंपोस्टच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, शेजारच्या सोसायटीच्या एसटीपीचा गाळ फुकट मिळतोय. उलट तेच म्हणतात, घेऊन जा बाबा. वाळवला, चाळला, पिशवीत भरला आणि खत म्हणून विकला तर?"

कच्चा माल फुकट म्हटल्यावर धंदेवाल्याच्या डोक्यात दिवा पेटणारच. माझ्याही पेटला होता. त्यामुळे आधी माझी फजिती सांगतो, मग हिशोबाकडे वळू.

आमचं दुकान कुंड्या, कोकोपीट, बियाणं, खतं असल्या मालाचं. पाच-सहा वर्षांपूर्वी एकजण 'सेंद्रिय खत' म्हणून सुटी पोती घेऊन आला. भाव शेणखतापेक्षाही कमी. माल काळाभोर, भुसभुशीत, कोरडा, वास नाही. मी पंचवीस पोती उतरवून घेतली. घरी बायको आणि मी पाच-पाच किलोच्या पिशव्या भरायचो. हातमोजे वगैरे काही नाही, खतच आहे म्हणून. मुलगी तेव्हा दोन वर्षांची, तीही ढिगाऱ्यात वाटी-चमचा घेऊन भातुकली खेळायची.

दीड महिन्याने आमच्या नेहमीच्या एक काकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "अरे, तुझ्या खतात टोमॅटोचं बी घातलंयस का रे? गुलाबाच्या सहाही कुंड्यांत टोमॅटो उगवलेत." मी हसलो, म्हटलं, "काकू, बोनस समजा." पण डोक्यातून जाईना. पुरवठादाराला फोन केला, तो आधी इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी कबूल झाला की माल सांडपाण्याच्या प्लांटचा आहे, उन्हात वाळवून चाळलेला.

टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून अख्खं बाहेर पडतं, ड्रेनेजमधून प्लांटमध्ये येतं, गाळात बसतं आणि नुसत्या उन्हात वाळलेल्या गाळात जिवंत राहतं. चांगली उष्णता लागली तर ते मरतं. म्हणजे काकूंच्या कुंडीतलं ते गोजिरवाणं रोप मला सांगत होतं की या मालाला उष्णता लागलेलीच नाही. आणि बी जिवंत आहे तर बाकी काय काय जिवंत असेल? त्या रात्री मी मुलीची नखं कापली. आपण काय केलंय ते तेव्हा कळलं. आम्ही तिघांनी डॉक्टरांना विचारून जंताचं औषध घेतलं, विकलेल्या पिशव्या गेल्या तिथून जमतील तेवढ्या परत आणल्या, पैसे परत दिले. साडेअकरा हजारांचा फटका बसला. नशीब चांगलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

गाळात असतं काय?

एसटीपीतून पाणी स्वच्छ होऊन बाहेर पडतं, हे आपल्याला दिसतं. पण पाण्यातून काढलेलं सगळं जातं कुठे? गाळात. म्हणजे गाळ हा त्या सोसायटीच्या सगळ्या पोटांचा अर्क आहे. त्यात ई कोलाय, साल्मोनेलासारखे जिवाणू असतात, कावीळ करणारे विषाणू असू शकतात आणि सगळ्यात चिवट म्हणजे जंतांची अंडी. गोल जंताचं अंडं पाण्यापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसून गाळातच गोळा होतं. त्याला जाड कवच असतं. मातीत ते वर्षानुवर्षं टिकू शकतं. "सहा महिने पडून होता, आता काही नसणार" हे वाक्य म्हणूनच कुणाचंही ऐकू नका.

ऊन लागतं ते वरच्या पापुद्र्याला. खाली हात घाला, गार आणि ओलं लागेल.

उष्णता किती आणि किती वेळ?

आता मुद्द्याचं. जंतू मारायला नुसतं तापमान पुरत नाही, नुसता वेळही पुरत नाही. दोन्हीची जोडी लागते. दूध पाश्चराइझ करतात ना, ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर फक्त १५ सेकंद, तसंच हे.

गाळासाठीचा सगळ्यात जास्त वापरला जाणारा आधार म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा १९९३ चा नियम, भाग ५०३. त्यात एक सूत्र आहे. सूत्र लिहून तुम्हाला घाबरवत नाही, उत्तरं सांगतो. घट्टसर गाळ, म्हणजे ज्यात घन भाग ७ टक्के किंवा जास्त आहे, तो ५० अंश सेल्सिअसला ठेवला तर सुमारे १३ दिवस लागतात. ५५ अंशांना अडीच दिवसांपेक्षा थोडं जास्त. ६० अंशांना साडेबारा तास. ६५ ला अडीच तास. आणि ७० ला अर्धा तास. नीट बघा, दर ५ अंश वाढले की वेळ पाचपट कमी होतो. हे एवढं लक्षात राहिलं तरी तुम्ही निम्म्या पुरवठादारांना प्रश्न विचारू शकाल.

याआधी १९८३ मध्ये रिचर्ड फीचम आणि सहकाऱ्यांनी जागतिक बँकेसाठी केलेल्या कामात एक सोपी पट्टी दिली होती: ६२ अंशांना एक तास, ५० ला एक दिवस, ४६ ला एक आठवडा. ही अमेरिकन नियमापेक्षा बरीच सैल आहे. दोन आकडे वेगळे का म्हणून गोंधळू नका. नियम करणारा जास्तीचं अंतर राखूनच नियम करतो. विकायचा माल असेल तर कडक आकडा धरा.

आणि आता या सगळ्यातली खरी गोम. हे तापमान ढिगाचं सरासरी तापमान नाही. गाळाच्या प्रत्येक कणाला एवढी उष्णता एवढा वेळ मिळाली पाहिजे. इडलीपात्राची वाफ शंभर अंशांची असते, तरी घाई केली तर इडली मधे कच्ची राहते की नाही? गाळाच्या गुठळीचं तेच. बाहेर ७० दाखवणारी मुठीएवढी गुठळी आत ४० ला असू शकते. म्हणून थर्मामीटर एक नाही, निदान तीन खोलींवर घालायचे, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा तो आपला आकडा. ढिगाच्या मधोमध थर्मामीटर खुपसून ६८ चा फोटो पाठवणारे खूप आहेत. मी त्यांना कडेचा फोटो मागतो.

मारणं स्वस्त, वाळवणं महाग

इथे बीबीएमधलं कॉस्टिंग उपयोगी पडतं, थोडं दहावीचं विज्ञानही.

समजा एक टन स्लज केक आहे, फिल्टर प्रेसमधून आलेला, त्यात ८०० किलो पाणी आणि २०० किलो घन माल. हा सगळा २५ अंशांपासून ७० पर्यंत तापवायला, तोटा न धरता, साधारण ५२ युनिट वीज लागेल. फारच झालं तर तोटा धरून दुप्पट धरा.

आता तोच माल वाळवून १० टक्के ओलाव्यावर आणायचा. २०० किलो घन मालात फक्त २२ किलो पाणी ठेवायचं, म्हणजे ७७८ किलो पाण्याची वाफ करायची. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट लागतात. म्हणजे जवळजवळ ४९० युनिट, तेही शंभर टक्के कार्यक्षमता धरून, जी कुठल्याच मशीनला नसते. १० रुपये युनिट धरलं तर ४,९०० रुपये. हातात येणार २२२ किलो माल. नुसती वीज किलोला २२ रुपये! मजुरी, मशीन, गोणी, गाडी, दुकानदाराचं मार्जिन अजून बाकी. तुमच्या भागात कंपोस्ट घाऊक काय भावाने जातं ते विचारून या आणि मग ड्रायरवाल्याला ॲडव्हान्स द्या.

ड्रायरवाला "जर्म-फ्री" म्हणून मशीन विकतो, पण तुम्ही निम्म्याहून जास्त पैसे जंतू मारायला नाही, पाणी उडवायला देताय. वाळवण्याचा फायदा नाही असं नाही. १० टक्क्यांच्या खाली ओलावा गेला की जंतू पुन्हा वाढत नाहीत, वजन कमी होतं, पोतं टिकतं. पण तो वेगळा फायदा आहे, त्याची वेगळी किंमत आहे.

मग जगात कुणी वाळवून विकतच नाही का? विकतात की. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहर आहे. तिथलं सांडपाणी मंडळ १९२६ पासून, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं, गाळ फिरत्या ड्रममध्ये वाळवून 'मिलॉर्गनाइट' नावाने पिशव्यांत विकतंय. मिलवॉकी ऑर्गॅनिक नायट्रोजन, त्यावरून नाव. ड्रममधली हवा ५०० अंशांच्या आसपास आणि त्याहून गरम असते. कण स्वतः तेवढे तापत नाहीत, कारण आतलं पाणी उडताना उष्णता खातं. म्हणून नियमाने वाळवणीसाठी अट घातलीय की ओलावा १० टक्के किंवा कमी, आणि कणांचं तापमान किंवा बाहेर पडणाऱ्या वायूचं ओल्या बल्बचं तापमान ८० अंशांच्या वर.

मला यातलं मार्केटिंग जास्त आवडतं. त्यांनी पिशवी शेतकऱ्याच्या गळ्यात मारली नाही. हिरवळीवर काय परिणाम होतो याचे प्रयोग करून घेतले आणि गोल्फ मैदानांना विकली. गोल्फवाला हिरवळ खात नाही, त्याला फक्त ती हिरवीगार हवी. गिऱ्हाईक निवडावं तर असं! पण तिथेही खताच्या विक्रीतून प्लांटचा खर्च पूर्ण निघत नाही, काही भाग निघतो. उरलेला शहर भरतं, कारण गाळाची विल्हेवाट तर त्यांना लावायचीच आहे. शंभर वर्षांचा ब्रँड असून हे गणित आहे, तर आपल्या गोडाऊनचं काय, ते बघा.

वॉशिंग्टन डीसीच्या ब्लू प्लेन्स प्लांटमध्ये दाबाखालच्या वाफेने १५० अंशांच्या वर गाळ शिजवतात, अगदी प्रेशर कुकरसारखा, आणि मग त्यातून बायोगॅस काढतात. उरलेला माल 'ब्लूम' नावाने विकला जातो. भारी आहे, पण आपल्या खिशाचं नाही. पुढे जाऊ.

छोट्या माणसाची उष्णता: ढीग

वीज नको, ड्रायर नको, तरी उष्णता हवी. ती फुकट देणारे कामगार गाळातच आहेत. कंपोस्टच्या ढिगात उपयोगी जिवाणू खायला लागले की ढीग आपोआप ६०-६५ अंशांवर जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या शेती खात्याने मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल इथे याची पद्धत बसवली. गाळात लाकडाचे तुकडे मिसळायचे, ढिगाखाली भोकांचे पाइप टाकून हवा खेळवायची आणि वरून तयार कंपोस्टचा जाड थर द्यायचा, गोधडीसारखा. त्यामुळे कडाही तापतात.

नियम काय म्हणतो? अशा हवा दिलेल्या, पांघरलेल्या ढिगात ५५ अंश किंवा जास्त, सलग ३ दिवस. पांघरूण नसलेल्या उघड्या लांब ढिगात ५५ किंवा जास्त, १५ दिवस, आणि त्या काळात निदान ५ वेळा पलटणी. हे ५ वेळाचं खूळ कशाला? तर बाहेरचा गार थर आत यावा आणि त्यालाही त्याचे दिवस मिळावेत. पलटणी चुकवली तर बाहेरच्या थराला उष्णता मिळालेलीच नसते आणि पुढच्या वेळी सगळा माल मिसळला की तो कच्चा थर अख्ख्या मालात जातो.

स्लज केक एकटा कधीच तापत नाही, चिखल असतो तो. त्यात हवा शिरत नाही. लाकडाचा भुसा, तुकडे, वाळका पाला, साखर कारखान्याची भुसकट, जे तुमच्याकडे स्वस्त असेल ते भरपूर मिसळा. मूठभर मिश्रण दाबलं तर हात ओला व्हावा, पण धार लागू नये. बोटांतून पाणी टपकलं तर भुसा वाढवा. पावसाळ्यात वर पत्रा नसेल तर हा धंदा चार महिने बंद, हे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये धरा. बँकवाला विचारत नाही, पाऊस विचारतो.

आणि एक वही. तारीख, वेळ, तीन ठिकाणची तापमानं, पलटणी, सही. ही वही नसेल तर तुमच्याकडे खत नाही, वाळलेला गाळ आहे.

फावड्याची गोष्ट

आता जी चूक हुशार लोकही करतात ती. १५ दिवस मेहनत केली, तापमानं मिळाली, माल तयार. आणि मग ज्या फावड्याने सकाळी कच्चा गाळ ओढला त्याच फावड्याने दुपारी तयार माल पोत्यात भरला. झालं! तापवलेल्या मालात जंतूंशी भांडणारं फारसं कुणी उरलेलं नसतं, त्यामुळे बाहेरून आलेला साल्मोनेला ओल्या मालात मजेत वाढू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये पूर्वी गाळ कुजवल्यानंतर पाश्चराइझ करायचे, तर तो नंतर पुन्हा दूषित व्हायचा. मग त्यांनी क्रम उलटवला, आधी तापवायचं आणि नंतर कुजवायचं, म्हणजे कुजवणारे जिवाणू जागा अडवून बसतात.

आपण काय करायचं? कच्ची बाजू आणि पक्की बाजू वेगळी. फावडी दोन रंगांची. गमबूट दोन जोड. उतार पक्क्या बाजूकडून कच्च्या बाजूकडे, उलटा नाही, म्हणजे कच्च्याचं पाणी पक्क्यात जाणार नाही. तपासणीचा नमुनाही ढीग संपला त्या दिवशीचा नको, विक्रीला निघणाऱ्या पोत्यातला हवा. वरच्या श्रेणीच्या मालाला भाग ५०३ ची अट अशी: कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममध्ये फीकल कॉलिफॉर्म १,००० एमपीएनपेक्षा कमी, नाहीतर दर ४ ग्रॅममध्ये साल्मोनेला ३ एमपीएनपेक्षा कमी. लॅबला हे आकडे सांगूनच नमुना द्या, नाहीतर ते एनपीके काढून हातात ठेवतील आणि तुम्ही खूश होऊन घरी याल.

उष्णता काय करत नाही

उष्णता जंतू मारते, धातूंना हात लावत नाही. कॅडमियम, शिसं गाळात असेल तर ते ७० अंशांनंतरही तेवढंच राहणार, आणि पाणी उडालं की उलट प्रत्येक किलोमागे वाढणार. म्हणून गाळ निव्वळ राहत्या सोसायटीचा घ्या. ज्या लाइनला एखादं प्लेटिंगचं वर्कशॉप जोडलेलं आहे तिथला फुकट दिला तरी नको. पीएफएएस नावाची चिवट रसायनंही या तापमानांना दाद देत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्याने त्यामुळेच २०२२ मध्ये गाळ शेतात टाकायला बंदी घातली.

कागदपत्रांचं थोडक्यात: पिशवीवर 'खत' छापून विकायचं तर खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो, त्याची मानकं आणि परवाना बघावा लागतो. प्लांट टाकायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. आणि सफाईसाठी संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. "आमचा माणूस तयार आहे" म्हणणाऱ्या ठेकेदाराबरोबर भागीदारी नको.

मग पैसा आहे कुठे?

आपल्याकडचंच वाई बघा. कृष्णेकाठचं छोटं शहर, घराघरांत सेप्टिक टँक. तिथे २०१८ पासून टाक्या ठराविक काळाने, साधारण तीन वर्षांतून एकदा, ठरवून उपसल्या जातात. पूर्वी टाकी तुंबली की मगच गाडी यायची. उपसलेला मैला प्रक्रिया प्रकल्पात जातो, तिथे वाळवून उष्णतेनेच प्रक्रिया होते. उपसणाऱ्या खासगी ठेकेदाराला पैसे मिळतात ते केलेल्या कामावर, आणि ते येतात नगरपरिषदेच्या स्वच्छता कराच्या बाजूने. खताच्या पोत्यांवर कुणी डोळे लावून बसलेलं नाही.

मला पटलेलं उत्तर हेच आहे. गाळ 'फुकट मिळतो' असं म्हणू नका. सोसायटीला तो नकोय, म्हणजे तो नेण्याची फी आहे. २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्याबरोबर एसटीपी येतो, त्यामुळे अशा सोसायट्या शहरांत भरपूर आहेत. कमिटीच्या सेक्रेटरींना जाऊन सांगा, "काका, महिन्याला इतका केक उचलतो, तापमानाची वही दाखवतो, लॅब रिपोर्ट देतो, वाहतूक आणि प्रक्रिया मिळून इतके रुपये." तुमचा खर्च त्या फीमध्ये बसला पाहिजे. तयार माल त्याच सोसायटीच्या लॉनला, शोभेच्या झाडांना, नर्सरीला कमी भावात गेला तरी चालेल, तो वरचा पैसा. पालेभाजी, कोथिंबीर, गाजर, मुळा, जे कच्चं खाल्लं जातं, तिथे मी तरी स्वतःच्या जबाबदारीवर देणार नाही, रिपोर्ट हिरवा असला तरी.

दुकानात आता कुठलाही नवा कंपोस्टवाला आला की मी आधी वही मागतो. मग पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ घेऊन एका ट्रेमध्ये पसरतो, पाणी मारतो आणि मागच्या ओट्यावर पंधरा दिवस ठेवतो. ही लॅब टेस्ट नाही, काही उगवलं नाही म्हणजे माल सुरक्षित असं अजिबात नाही. पण टोमॅटो उगवला तर पुढची तपासणी करायची गरजच पडत नाही. गेल्या पावसाळ्यात आलेल्या तीन नमुन्यांपैकी दोन ट्रे हिरवे झाले. तिसऱ्याचा माल सध्या दुकानात आहे, काकूंच्या गुलाबांनाही तोच जातो. त्याची वही कशी भरलेली आहे ते पुढच्या व्हिडिओत पान उघडून दाखवतो, तोवर एक लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन ठेवा.